रंगाचा रकाना

"अहो बाई, तुम्ही कामवाली आहात. प्राध्यापिका नाही. पुन्हा घ्या."

हेडफोनमधून सरांचा आवाज थेट कानात आला. सर काचेच्या पलीकडे बसले होते. शेजारी शर्वरी, पायावर पाय टाकून. तिचा भाग संपला होता. ती हसली. काचेतून हसू ऐकू येत नाही, नुसतं दिसतं.

मी वाक्य पुन्हा घेतलं. "साहेब, असं करू नका."

"'नका' नाही, 'नगा'. 'साहेब' नाही, 'सायेब'. घरी बोलता तसं बोला की. तुमचं आडनाव वाचून मला वाटलं होतं, हे काही शिकवावं लागणार नाही."

मी घेतलं. "सायेब, आसं करू नगा."

"आता 'नगा' म्हणताना थोडं हसा. तिला नको नाहीये. तशी पद्धत असते त्यांच्यात."

त्यांच्यात. मी हसले. सर 'चालेल' म्हणाले आणि मी बाहेर आले. चहा आला होता. सरांचा आणि शर्वरीचा कपबशीत, माझा कागदी कपात. रोज तसाच यायचा. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

एवढीच गोष्ट असती तर सांगायला सोपी होती. अपमान झालेल्या माणसाला एका परीनं बरं असतं. दोष समोरच्याचा असतो, आपण नुसतं सोसायचं असतं. माझं तसं नाही. मी सोसलं कमी आणि पुरवलं जास्त. म्हणून हे लिहिताना माझा हात सरांवर उगारण्याआधी माझ्याच तोंडाकडे येतो.

शनिवार पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तो स्टुडिओ होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. जिन्यात पाटी: 'आत काम चालू असते. चपला वाजवू नयेत.' मी तिथे गेले ती 'मराठी आवाज हवेत' अशी जाहिरात वाचून. मला बातम्या वाचायच्या होत्या. सुरुवातीला एका खताची जाहिरात केली, मग एका दंतमंजनाची. मग सर म्हणाले, दुसरं एक काम आहे, नियमित आहे, मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी. प्रौढांसाठी. शेवटचे दोन शब्द त्यांनी अगदी सहज म्हटले.

घरी मी सांगितलं की अंध मुलांसाठी धडे वाचते. आईनं ते चाळीस जणांना सांगितलं. जिथं भांडी घासायला जायची तिथल्या बायकांनाही सांगितलं. "माझी पोरगी आंधळ्या लेकरांची मास्तरीण हाय," म्हणायची. मी तिचं बोलणं ऐकून दुसरीकडे बघायचे.

कामाची रीत अशी होती. प्रत्येक पात्राचा एक कागद असायचा, त्याला शीट म्हणायचे. शीटवर चार रकाने. नाव. वय. रंग. भाषा. गोष्ट ऐकायची. कुणाला काही दिसणार नाही. तरी रंगाचा रकाना. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं. सर म्हणाले, "ऐकणाऱ्याला दिसत नाही ना? मग ऐकू आला पाहिजे."

तो कसा ऐकू येतो, ते मी तिथे शिकले. गोरी म्हणजे शर्वरी. गोरीला नाव असायचं, नवरा असायचा, घरात सोफा असायचा. गोरी लाजायची, फसायची आणि शेवटी तिला पश्चात्तापही व्हायचा. सावळी म्हणजे मी. माझ्या नावाच्या रकान्यात 'कामवाली'. नाहीतर 'ऊसतोडीवरची'. नाहीतर नुसतं 'ती'. सावळीला पश्चात्ताप नसायचा. ती नको म्हणायची आणि तिला हवं असायचं, प्रत्येक गोष्टीत, न चुकता. ईशान्येकडची मुलगी आली की ती पार्लरमध्येच कामाला आणि विचारायच्या आधीच तयार. तो आवाजही मीच काढायचे, नाकात बोलून. पुरुषांचंही ठरलेलं. साहेब शिकलेला आणि हळुवार, गडी आडदांड आणि मुका. सगळं आधीच ठरलेलं, आम्ही फक्त श्वास भरायचा.

आणि मी त्यात हुशार निघाले. हे मला सांगितलंच पाहिजे.

पाचवीत असताना माझ्या बाईंनी माझ्या जिभेवरून 'हाय' काढलं होतं. 'हाय' म्हटलं की हातावर पट्टी. 'आहे' शंभर वेळा लिहायचं. मी लिहिलं. वक्तृत्वात पहिली आले. मग घरी येऊन आईच्या चुका काढायला लागले. "आई, हाय नाही, आहे." आई म्हणायची, "बरं बाई, आहे." पुढे पुढे माझ्या मैत्रिणी घरी आल्या की ती गप्पच बसायची. मी ते बघितलं आणि मला बरंच वाटलं.

दहा वर्षं जी बोली मी खरवडून काढली, तीच आता सर मागत होते. ज्यानं कोणी त्या गोष्टी लिहिल्या होत्या त्याला कामवाली कशी बोलते ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी शीटच्या कडेला पेन्सिलीनं लिहून द्यायचे. 'अवो'. 'तुमास्नी माझी आन हाय'. 'लेकराबाळाची हाय म्या'. सर वाचायचे आणि म्हणायचे, "हं. हे अस्सल आहे." त्यांच्या 'हं'साठी मी रोज घरून दोनचार शब्द उचलून आणायचे. आई स्वयंपाकघरात बोलत असायची आणि मी कान देऊन ऐकायचे. तिला वाटायचं, पोरगी आता माझ्याजवळ बसायला लागली.

आम्ही वारज्यात भाड्यानं राहतो. मालक मूळचे वारज्याचेच. त्यांचं शेत होतं तिथे आता त्यांची चार मजली इमारत आहे. आम्ही तळाला, जिन्याशेजारच्या दोन खोल्यांत. तिसऱ्या मजल्यावर नीमा आली. टांझानियाची, औषधनिर्मितीच्या कॉलेजात शिकायला. मालकांनी तिला नियमांचा कागद दिला. गच्चीत जायचं नाही. पाहुणे आणायचे नाहीत. मटण शिजवायचं नाही. मटण आम्ही शिजवायचो, मालकही शिजवायचे, दर रविवारी सगळ्या जिन्याला वास. तो नियम फक्त तिच्यापुरता होता.

"नीमा?" आई म्हणाली. "हे तर आपल्यातलंच नाव हाय की."

नीमा आईकडून मराठी शिकली. आईचीच मराठी. "आई, जेवलीस न्हवं? काय केलंयास आज?" तिच्या तोंडात ती बोली मला गोड वाटायची. माझ्या तोंडात मला तिची लाज होती.

एकदा कुकरमधली आमटी आईच्या हातावर सांडली. नीमा तिथेच होती. तिनं आईचा हात धरून नळाखाली घातला आणि म्हणाली, "पोले, आई. पोले साना." धार सुरू होती तोवर ती तेच म्हणत राहिली, अगदी हळू. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, दमून आलेल्या माणसाला म्हणतात. कुणाला लागलं, कुणाच्या घरी कुणी वारलं, कुणी ओझं घेऊन चाललंय, की म्हणतात. तुझा त्रास मला दिसतोय, एवढंच. तिची आजी रस्त्यानं चालता चालता अनोळखी बायकांनाही म्हणायची.

आईला तो शब्द फार आवडला. "आपल्यात असा शब्दच न्हाय बघ. आपण म्हणतो, बघून करायचं न्हाय का गं, डोळे फुटले का?" आम्ही तिघी हसलो. मग रोजचंच झालं. आई चार वाजता कामावरून यायची, वरून कठड्यापाशी नीमा वाकायची. "पोले, आई." आणि आई खालून, "पोले गं पोरी, तू बी दमली आसशील."

मग ती शीट आली.

नाव: कोरं. वय: वीसबावीस. रंग: काळा, आफ्रिकन. भाषा: जंगली, दोनतीन शब्द पुरे. खाली सरांच्या अक्षरात: 'भुकेली वाटली पाहिजे.'

मी विचारलं, "कुठल्या देशाची, सर?"

"आफ्रिकेची."

आफ्रिका हा देश नाही. हे मला शाळेत शिकवलं होतं आणि नीमानंही हसत हसत दोनदा सांगितलं होतं. मी मान डोलावली.

"कॉलेजची मुलगी आहे, इथेच पुण्यात राहते असं दाखवायचंय," सर म्हणाले. "काहीतरी खरं वाटेल असं टाका तिच्या तोंडी. तुमच्याकडे असतं नेहमी."

तुमच्याकडे असतं नेहमी. त्या वाक्यानं मी फुलले, खोटं कशाला बोलू? मी आत गेले, हेडफोन घातला आणि तो शब्द काढला. नळाखाली आईचा हात धरून म्हटलेला शब्द. मी तो लांबवला, घोगरा केला, त्यात श्वास घातले. जितका घाण करता येईल तितका केला. काचेपलीकडे सरांनी पहिल्यांदा अंगठा वर केला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "वा! हे कुठून आणलंत?"

"माझ्याकडं होतं, सर."

त्या दिवशी माझा चहा कपबशीत आला. मी तो बशीत ओतून प्यायले नाही. शर्वरी पिते तसा, कपाचा कान दोन बोटांत धरून प्यायले. घरी येताना सगळा रस्ता मला त्या कपाचंच कौतुक होतं.

गोष्ट खूप चालली, असं सर म्हणाले. कितीजणांनी ऐकली ते मी विचारलं नाही. कोण ऐकतं, हा विचारही कधी मनात आला नव्हता. गादी ठोकलेल्या खोलीत आपण बोलतो आणि ते तिथेच राहतं, असं मी धरून चालले होते.

त्यानंतर महिन्याभरानं, एका शनिवारी दुपारी, मी भाजी घेऊन परत येत होते. आमच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथे मालकांचा पुतण्या आणि त्याचे दोन मित्र गाडीवर बसलेले. माझ्या वीसेक पावलं पुढे नीमा चालली होती, पाठीवर कॉलेजची पिशवी. ती टपरीजवळ आली तसा पुतण्यानं फोन वर धरला.

माझा आवाज आला.

भर दुपारी, रस्त्यावर, मोठ्यानं. "पोले... पोले साना..." आणि पुढचं ते सगळं. पोरं हसली. एकानं तोच आवाज काढून दाखवला. नीमा थांबली. तिला आधी कळलंच नाही. आपल्या आजीचा शब्द इथे कुठून आला, म्हणून ती फोनकडे बघत राहिली. मग कळलं. ती वळून जायला लागली तसा पुतण्यानं तिचं मनगट धरलं. "अरे, थांब ना. हमको भी बोल ना. पोले साना."

तिनं हात हिसकला. पिशवीचा बंद तुटला, वह्या खाली पडल्या.

मी कुठे होते? वीस पावलांवर. हातात भाजीची पिशवी. मी ओरडले नाही, धावले नाही. मला एकच भीती वाटत होती, की कुणी माझा आवाज ओळखेल. तोंड उघडलं तर फोनमधला आणि माझा सारखाच येईल. म्हणून मी तोंड उघडलं नाही. माझी आई फाटकातून बाहेर आली, तिच्या हातात खराटा होता. "मुडद्यांनो, आयाबहिणी न्हाईत का रं तुमाला?" पोरांनी गाडी काढली. आईनं वह्या गोळा केल्या. फोनमधली बाई कोण होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात नीमा खाली फरशीवरच बसली. आई तिच्या शेजारी. नीमानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हा शब्द मी इथं दोन माणसांना दिला. आईला. आणि तुला."

मी म्हणाले, "पुण्यात तिकडची खूप मुलं आहेत. कुणाकडून तरी गेला असेल."

अगदी स्वच्छ मराठीत म्हणाले. वक्तृत्वात पहिली आलेल्या मुलीच्या.

आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पोले, पोरी. पोले—"

नीमानं आईच्या तोंडावर हात ठेवला. "नको, आई. हा शब्द नको."

मी तिथे उभी होते आणि ते 'नको' मी ऐकलं. मी काचेमागे शंभर वेळा म्हटलेलं 'नको'. 'नगा', 'नगं', सगळ्या चालींत म्हटलेलं. खरं असं असतं. त्यात हसू नव्हतं. कुठेच नव्हतं. आईच्या घरात आलेला एवढा एक चांगला शब्द मी बाहेर नेऊन विकला होता, आणि आता ज्या मुलीचा तो होता तिलाच तो ऐकवत नव्हता. मला माझी किळस आली. ती अजून गेलेली नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

संध्याकाळी मालक येऊन गेले. दारातूनच बोलले. "पोरांची चेष्टा हाय ती. तुमच्या आईनं कशापायी खराटा काढायचा? मधी पडू नगा. खोली टिकवायची आसंल तर सांगतोय."   त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, जे बोलायला हवं होतं त्यातलं.

सोमवारी स्टुडिओत गेले. का गेले, हे मलाच नीट माहीत नव्हतं. ती गोष्ट काढून टाका एवढं सांगायला गेले, असं मनाशी म्हणत होते. सर खुशीत होते. समोर नवी शीट ठेवली. "लोकांनी डोक्यावर घेतलंय. दुसरा भाग करतोय. तीच मुलगी. अजून पाचसहा शब्द आणा तसले."

नावाचा रकाना कोरा होता. मी पेन्सिल उचलली आणि त्यात माझं नाव लिहिलं. आईवडिलांनी ठेवलेलं, पूर्ण, आडनावासकट. शीट परत सरकवली.

"हे काय?"

"नाव, सर. रकाना रिकामा होता."

"हे तुमचं नाव आहे."

"आवाज माझाच आहे ना?"

मग मी सांगितलं. नीमाचं, टपरीचं, मनगटाचं. सरांनी ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "अहो, करमणूक आहे ही. रस्त्यावरची पोरं काय करतात त्याला आपण जबाबदार का? आणि तुम्ही का मनाला लावून घेता? ती काही तुमच्यातली नाही." थोडं थांबून, माझ्याकडे बघून, अगदी मजेत म्हणाले, "तसं उन्हात शेजारी उभ्या राहिलात तर फारसा फरक पडणार नाही म्हणा."

शर्वरी तिथेच होती. या वेळी ती हसली नाही, तिनं हातातल्या कागदांत मान घातली. तेवढ्यानं काही होत नाही.

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. सर, तुमच्या घरातल्या बाईंच्या आवाजात एक गोष्ट करू या का, शुद्ध भाषा मला पाठ आहे. ते मी गिळलं. आणखी एका बाईला त्या काचेमागे ओढून मला काय मिळणार होतं? तेच तर मी इतके दिवस करत होते.

"ते काढून टाका," मी म्हणाले. "सगळ्या गोष्टी. माझ्या आवाजातल्या."

त्यांनी खणातून मी कामाला लागताना सही केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "दिलात तेव्हा आवाज तुमचा होता. आता आमचा आहे."

"मग कुणी विचारलं तर तो तुमचा आहे असं सांगाल?"

त्यांनी कागद परत खणात ठेवला. चहा आला होता. कपबशीत. मी तो तसाच ठेवला आणि निघाले. जिन्यात चपला जितक्या वाजवता येतील तितक्या वाजवल्या. खाली दुकानदार वर बघायला लागला. बघू दे.

घरी येऊन आईला समोर बसवलं. म्हणाले, "आई, आंधळी मुलं नव्हतीच. तो फोनमधला आवाज माझा होता."

तिला पहिल्यांदा कळेना. मग म्हणाली, "ऐकव."

"नको, आई."

"ऐकव म्हनलं ना."

नीमाच्या शब्दाची गोष्ट लावायची माझी हिंमत झाली नाही. मी कामवालीची लावली. सुरुवातीचीच, जिथे नुसतं बोलणं आहे. आई डोळे मिटून ऐकत होती. 'अवो', 'सायेब', 'तुमास्नी माझी आन हाय'. तिनं डोळे उघडले.

"ही तर मीच हाय."

मी बंद करायला हात पुढे केला. तिनं तो धरला. 'आसं करू नगा' आलं, आणि त्यानंतरचं ते हसू.

"ही नगं म्हनताना हसती का गं?"

"सरांनी सांगितलं होतं."

आईनं फोन पालथा घातला. "मी तर कवाच हसले न्हाय," म्हणाली, आणि उठून भांडी लावायला गेली.

आई कोणत्या घरात, कधी, कुणाला नको म्हणाली होती? मी तेव्हा विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. विचारायचा हक्क माझ्याकडे उरला नाही, असं मला वाटतं. चार घरची भांडी घासून तिनं मला बोलायला शिकवलं आणि मी तिच्या तोंडून काढलेला शब्दन्‌शब्द त्या हसण्याला नेऊन जोडला.

मग मी तीन मजले चढले. नीमानं दार अर्धंच उघडलं.

"मी दिला," मी म्हणाले.

ती म्हणाली, "का?"

शाबासकीसाठी, हे खरं उत्तर होतं. एका कपबशीसाठी. ते मी तिला सांगितलं, जसं होतं तसं. तिनं ऐकलं. रडली नाही, शिवी दिली नाही. दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचं मी ऐकलं आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोलीस चौकीत जायला निघाली, कॉलेजातल्या दोन मैत्रिणींना घेऊन. मला तिनं बोलावलं नव्हतं. मी मागून गेले. आईनं त्या दिवशी कामावर खाडा केला आणि माझ्या मागून आली. फाटकात मालक उभे होते. आईनं त्यांच्या हातात खोलीची दुसरी किल्ली ठेवली. "सामान महिनाअखेरीला नेतो," म्हणाली. घर कुठे बघायचं, ते दोघींनाही माहीत नव्हतं.

मालकांचा फोन गेला असावा, चौकीत पुतण्या आधीच येऊन बसला होता, सोबत त्याचे वडील. हवालदार नीमाला विचारत होते, "शब्दच बोलला ना? ही काय शिवी आहे का? अर्थ काय याचा?" पुतण्या म्हणाला, "साहेब, मोबाइलवर आलेलं ऐकत होतो. मी थोडंच बनवलंय? हिच्याच देशातली कुणीतरी बोललीय." मनगट धरलं नाही म्हणाला. हिच्याच देशातली, म्हणाला.

मी पुढे झाले. "तिच्या देशातली नाही. मी आहे. मनगट धरलं तेही मी बघितलंय, वीस पावलांवरून. मला साक्ष द्यायचीय."

हवालदारांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हणजे तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"साक्ष हिच्या बाजूची. आवाज त्याच्या फोनमधला. दोन्ही लिहा."

नीमा माझ्याकडे बघत नव्हती. ती आजही माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं म्हणून मी तिथे गेले नव्हते. पुढे जिथे जिथे बोलावतील तिथे जाईन, आणि ती गोष्ट सगळ्यांसमोर लावतील, मालकांसमोर, आईसमोर, सरांना बोलावलं तर सरांसमोर. लावू देत. मी कान झाकणार नाही. स्टुडिओचा पत्ता सांगीन, शीटवर कुणाच्या अक्षरात काय लिहिलं होतं ते सांगीन, आणि पेन्सिलीनं लिहिलेलं कुणाचं होतं तेही सांगीन.

हवालदारांनी कागद ओढला. "हं. सांगा. हा आवाज कुणाचा?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, बाईंनी पट्टीनं घोटून घेतलेल्या भाषेत. मागे भिंतीशी आई उभी होती, पदर खोचून, गप्प. माझ्यासमोर ती कित्येक वर्षं अशीच गप्प राहिलेली. मी तिच्याकडे एकदा बघितलं.

"माझा हाय," मी म्हणाले.

हवालदार थांबले. "नीट बोला. लिहायचंय."

"नीटच बोलतीय. माझाच आवाज हाय. आसंच लिवा."